पहिली डर्ट बाइक : उचलता येईल तीच आपली

शोरूममध्ये गेलं की आपल्याला आधी गाडीवर बसवतात, हँडल हातात देतात आणि मग किंमत सांगतात. मातीत चालवायची पहिली गाडी घेणाऱ्याने खरं तर वेगळीच मागणी करायला हवी : गाडी जमिनीवर आडवी करा, मी एकट्याने उचलून बघतो. नव्याकोऱ्या गाडीच्या बाबतीत हे कोणी करू देणार नाही, हे उघड आहे. पण मनातल्या मनात तरी ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. डांबरावर वर्षानुवर्षं न पडता गाडी चालवणारे असतात. मातीत पहिल्याच सकाळी गाडी चार-पाच वेळा आडवी होते आणि दर वेळी ती उभी करायला आपलेच दोन हात असतात.

येलहंक्यात राहणाऱ्याला हा विचार कधी ना कधी करावाच लागतो. इथे बंगळूर संपता संपता तांबडी माती सुरू होते. दोड्डबळ्ळापूर रस्त्याने राजानुकुंट्याच्या पुढे गेलं की नीलगिरीची बनं आणि नाचणीची शेतं दिसू लागतात. बळ्ळारी रस्त्याने रविवारी पहाटे नंदी टेकडीकडे निघालेल्या मोटारसायकलींची रांग लागते. त्याच रस्त्यावरच्या चिक्कजाळ्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची फेरी झाली. लीगची पहिली फेरी महिनाभर आधी पुण्यात बालेवाडीला झाली होती. डकार रॅलीत उतरणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष हा बंगळूरचाच. २०१५ साली त्याने ती पूर्ण केली, तीही छत्तिसाव्या क्रमांकाने. हे सगळं आजूबाजूला असताना पुण्या-कोल्हापुराहून नोकरीसाठी आलेल्या पोराला मातीची ओढ लागली, तर नवल नाही. अडचण पुढे येते. तो गाडी बघायला जातो तेव्हा डोळ्यांपुढे डकार असते, आणि खरेदी तिच्या हिशेबाने होते.

आपल्याकडे सवारी निवडण्याचं एक जुनं शहाणपण आहे. मराठ्यांच्या फौजा दख्खनभर फिरल्या त्या भीमथडीच्या तट्टांवर. अंगाने लहान, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारं आणि दगडधोंड्यांतून वाट काढणारं ते जनावर. अरबी घोडा देखणा आणि वेगवान खरा, पण त्याची बडदास्त ठेवावी लागे. पहिली डर्ट बाइक निवडायची म्हणजे हाच निर्णय घ्यायचा : तट्टू की अरबी? पुढचा सगळा लेख एका अर्थी तट्टाची वकिली आहे.

एकाच नावाखाली चार जाती

‘डर्ट बाइक’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गाड्यांत चार वेगवेगळ्या जाती असतात. त्या नीट ओळखल्या की अर्धी निवड झालीच.

पहिली मोटोक्रॉसची गाडी. बंदिस्त ट्रॅकवर, उड्या मारत, थोड्या मिनिटांच्या शर्यतीसाठी बनवलेली. तिला दिवे, हॉर्न, आरसे, नंबरप्लेट यातलं काही नसतं. टाकी लहान आणि शॉकअप टणक. तिची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात : काही तास चालली की ऑइल बदला, आणखी बरेच तास झाले की पिस्टन बघा. कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या गाड्या या जातीच्या.

दुसरी एन्ड्युरो. बांधा मोटोक्रॉससारखाच, पण जंगलवाटा आणि लांब अंतरासाठी गिअर आणि शॉकअप वेगळे. तिसरी ट्रेल बाइक. साधं, बहुधा हवेने थंड होणारं इंजिन, मऊ शॉकअप, कमी ताकद आणि कमी कटकट. चौथी ड्युअल स्पोर्ट, म्हणजे दिवे-नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालणारी ट्रेल बाइक. हीच सोमवारी ऑफिसला आणि रविवारी मातीत नेता येते.

यांच्याशेजारी शोरूममध्ये ॲडव्हेंचर टूररही उभी असते. उंच काच, मोठी टाकी, पेट्या लावायला जागा. लडाखला जायला ती उत्तम. मातीत चालवायला शिकण्यासाठी मात्र ती जड पडते. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० इंधनासह १९६ किलोची आहे. अनुभवी स्वार ती खडकांवरूनही नेतो. नवशिक्याला ती पहिल्या वाळूच्या पट्ट्यातच दमवते.

सीसीचा चकवा

नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘किती सीसी?’ रस्त्यावरच्या गाड्यांच्या बाबतीत या आकड्यावरून थोडाफार अंदाज येतो. मातीत तोच आकडा फसवतो. कावासाकीचीच दोन उदाहरणं घेऊ. केएलएक्स २३० ही २३३ सीसीची ट्रेल जातीची गाडी आहे आणि भारतात मिळणाऱ्या तिच्या रूपात ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास आहे. केएक्स २५० ही २४९ सीसीची मोटोक्रॉस गाडी. सीसी जवळपास तेवढेच, पण ताकद दुपटीहून जास्त, आणि वजन तीस-एक किलोने कमी. केवळ नावातले आकडे जवळचे म्हणून एकीऐवजी दुसरी घेणारा माणूस तट्टू समजून शर्यतीच्या घोड्यावर बसलेला असतो.

जास्त ताकद नवशिक्याला का नडते? खड्ड्यातून गाडी उसळली की शरीर मागे फेकलं जातं. हात हँडल सोडत नाहीत, त्यामुळे मागे जाणारा उजवा हात ॲक्सिलरेटर आणखी पिळतो. गाडी आणखी जोरात पुढे जाते, शरीर आणखी मागे. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं. १८ अश्वशक्तीच्या गाडीवर ही चूक झाली की आपण दचकतो. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीवर झाली की आपण गाडीपासून वेगळे होतो.

म्हणून आकडा न बघता ताकद कधी आणि कशी येते ते बघायचं. कमी फेऱ्यांवरही इंजिन न कण्हता ओढतंय का, क्लच न दाबता पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने गाडी पुढे सरकते का, हे तपासा. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा स्वभाव बरोबर उलटा : खालच्या फेऱ्यांत मरगळलेल्या आणि एका टप्प्यानंतर एकदम अंगात आल्यासारख्या. यामाहा आरएक्स १०० आणि शोगन यांवर एक अख्खी पिढी मोटोक्रॉस शिकली, कारण तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं. आज हौसेपोटी तशी गाडी जरूर सांभाळा. शिकायला फोर-स्ट्रोक बरी.

वजन आणि उंची

आता उचलण्याचा हिशेब. आडवी पडलेली गाडी उभी करताना तिचे टायर जमिनीला टेकलेले असतात, म्हणजे आपण तिला तरफेसारखी फिरवत असतो. ढोबळमानाने सुरुवातीला निम्म्याच्या आसपास वजन हातापायांवर येतं. १४० किलोच्या गाडीचे सत्तर, जवळजवळ दोनशे किलोच्या गाडीचे शंभर. एकदा उचलायला शंभरही उचलले जातील. पण सकाळचे साडेदहा वाजलेत, ऊन चढलंय, अंगावर जाकीट आणि पायात जड बूट आहेत, आणि ही सहावी वेळ आहे. फरक तेव्हा कळतो. दमलेला माणूस पुन्हा चुकतो आणि पुन्हा पडतो. हलकी गाडी म्हणजे सरावाचे जास्त तास.

उचलायची रीत शिकून घ्या, ताकद निम्मी लागते. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी केल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही. गाडी गिअरमध्ये असू द्या, चाक घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या बाजूला भक्कम पकडीला, पाठ ताठ, आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांनी ढकला. हलकी गाडी समोरून हँडल धरूनही उठते. कंबरेतून वाकून झटका मात्र द्यायचा नाही.

उंचीच्या बाबतीत दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत. दुसरा म्हणतो, उंचीचा विचारच करू नको, खरे स्वार चवड्यांवरच उभे राहतात. नवशिक्यासाठी मध्यममार्ग असा : एक पाऊल पूर्ण टेकलं आणि दुसऱ्याचा चवडा टेकला की पुरे. उंच सीट उगाच नसते. मातीतल्या गाडीचे शॉकअप लांब प्रवास करतात, पोटाखाली मोकळी जागा लागते, म्हणून सीट वर जाते. हिरो एक्सपल्स २०० ४व्ही या गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. तिच्याच ‘प्रो’ रूपात शॉकअप लांब झाले आणि सीट ८९१ वर गेली. इंजिन तेच, पण पाच फूट पाच इंचांच्या माणसाला पहिली आपली वाटेल आणि दुसरी परकी. अशा वेळी भारी आवृत्तीचा मोह टाळावा.

गाडीवर बसून बघितलं तसं फूटरेस्टवर उभं राहूनही बघा. मातीत बराच वेळ उभ्यानेच चालवायचं असतं. उभं राहिल्यावर हँडलकडे फार वाकावं लागत असेल तर पाठ धरते. गुडघ्यांत टाकी आरामात पकडता आली पाहिजे. हँडल थोडं उंच करायचा जोड मिळतो, तो लावता येईल.

शॉकअप, चाकं, ब्रेक

शॉकअप आपल्या वजनाला जुळवणं हे फुकटात होणारं काम आहे आणि तरी बहुतेक जण ते करत नाहीत. गाडीवर बसलं की मागचा भाग थोडा खाली बसतो, त्याला सॅग म्हणतात. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी करा. चाकाच्या मधल्या बोल्टपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करून अंतर मोजा. मग सगळं संरक्षक साहित्य घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. तो शॉकअपच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश असावा. एक्सपल्स ४व्हीचा मागचा प्रवास १७० मिलिमीटर आहे, तेव्हा पंचावन्नच्या आसपास. फरक जास्त आला तर स्प्रिंग घट्ट करा, कमी आला तर सैल. सत्तर किलोच्या आणि पंचाण्णव किलोच्या माणसाला एकच बैठक कशी चालेल?

चाकांचं माप सहसा पुढे २१ इंच आणि मागे १८ असतं. बैलगाडीचं चाक मोठं का असतं, तेच इथलं कारण : मोठं चाक दगडावर चढतं, लहान चाक त्याला अडतं. मागचं चाक लहान ठेवून त्यावर जाड टायर बसवतात, म्हणजे रबराची उंच भिंत धक्के पचवते. रिम तारांचीच हवी. अलॉय रिम दगडावर आपटली की तडकू शकते, तारांची वाकते आणि बहुधा ठोकून सरळ होते.

टायरमधली हवा हा मातीतला सर्वांत स्वस्त उपाय. रस्त्यासाठी कंपनीने सांगितलेली हवा सैल मातीत जास्त होते आणि टायर गोट्यासारखा घरंगळतो. दीडशे किलोच्या आसपासच्या गाडीत ती १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि माती धरतो. फार उतरवली तर दगड आणि रिम यांच्या कात्रीत ट्यूब सापडून फाटते. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची, म्हणून सोबत पंप हवा.

ब्रेकबाबत एक गोष्ट समजून घ्यायला हवी. रस्त्यावर एबीएस जीव वाचवतं, कारण ते चाक जाम होऊ देत नाही. सैल मातीत मागचं चाक थोडं जाम होणं कामाचं असतं : घसरणारं चाक पुढे मातीचा ढीग गोळा करतं आणि तोच ढीग गाडी थांबवतो. शिवाय मागचं चाक मुद्दाम घसरवून गाडी वळवता येते. त्यामुळे मागच्या चाकाला एबीएस नसलेली किंवा ते बंद करता येणारी गाडी निवडा. रस्त्यावर परतलात की आठवणीने पुन्हा सुरू करा.

मग घ्यायची कोणती?

तुमच्याकडे एकच गाडी राहणार असेल आणि तिनेच मान्यता टेक पार्कमधल्या ऑफिसलाही जायचं असेल, तर ड्युअल स्पोर्टला पर्याय नाही. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली तेव्हा या जातीला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ती बंद पडली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि चित्र पालटलं. पुढे चार व्हॉल्व्हची आवृत्ती आली. जानेवारी २०२५ मध्ये पाण्याने थंड होणारी एक्सपल्स २१० आली, तेव्हा तिची किंमत १.७६ लाखांपासून होती. ती १६८ किलोची आहे, म्हणजे जुनीपेक्षा थोडी जड पण महामार्गावर जास्त निवांत. माझं मत विचाराल तर बळ्ळारी रस्त्याने रोज जायचं असेल त्याने २१० बघावी. आठवड्यातून एकदाच चालवणाऱ्याने चांगली राखलेली सेकंडहँड २०० ४व्ही शोधावी आणि वाचलेले पैसे बूट आणि प्रशिक्षणात घालावेत.

कावासाकी केएलएक्स २३० भारतात आली ती ३.३० लाखांना. देशातच बनू लागल्यावर किंमत दोन लाखांच्या आत आली. १३९ किलो वजन हा तिचा सर्वांत मोठा गुण आणि ८८० मिलिमीटरची सीट ही तिची अट. उंच माणसाला आणि मातीतच जास्त रमणाऱ्याला ती एक्सपल्सपेक्षा सरस वाटेल. हिचीच दिवे-नंबरप्लेट नसलेली, फक्त मातीसाठीची बहीणही मिळते. ती मात्र घराच्या फाटकाबाहेर चालवता येत नाही, दर वेळी टेम्पोत चढवून न्यावी लागते. टेम्पोचं भाडं, बांधायचे पट्टे आणि गाडी ठेवायची जागा हे जमत असेल तरच त्या वाटेला जावं.

घरात पाच-सहा वर्षांचं मूल हट्ट करत असेल तर त्याची गोष्ट वेगळी. यामाहा पीडब्ल्यू५०सारख्या छोट्या गाडीला क्लच-गिअर नसतात आणि वेगाला लगाम घालणारा स्क्रू असतो. मुलाचा हात बसला की तो थोडा थोडा सैल करायचा. मात्र ही हौस बंदिस्त ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या नजरेखालीच. सोसायटीच्या आवारातही नको.

सेकंडहँड बघताना

सेकंडहँड गाडी बघायला जाताना इंजिन गार असू द्या, असं आधीच सांगून ठेवा. गरम इंजिन सहज सुरू होतं आणि दोष लपवतं. एकदा मी गेलो तर गाडी ‘आताच धुतली’ म्हणून चकचकीत होती. सायलेन्सरला हात लावला तर चटका बसला. मी चहा पिऊन परत आलो.

पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्यावर खटका लागला तर कोनसेट गेला आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा. मागच्या चिमट्यात खेळ जाणवला तर बुश झिजलेत. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाची ओल आहे का ते बघा. प्रत्येक तारेवर स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच वाजवा. ताणलेली तार टणत्कार देते, सैल तार भद्द वाजते. वाकून इंजिनाखाली पाहा. पोटावरचे ओरखडे चालतील, पण चासीला तडा किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर तिथूनच निघा. एअर फिल्टरचं झाकण उघडायला लावा. फिल्टरच्या आतल्या बाजूला तांबडी धूळ दिसली तर ती इंजिनातही गेलेली आहे, आणि पिस्टन-सिलिंडरला त्या धुळीने किती घासलंय हे बाहेरून दिसणार नाही. हँडलची टोकं आणि लिव्हर खरचटलेली असणं हा दोष नव्हे. मातीतली गाडी पडणारच. विकणारा ‘कधी पडलीच नाही’ म्हणतो तेव्हा जास्त सावध व्हा.

कागदांत आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघा. पुण्याहून एमएच नंबरची गाडी आणणार असाल तर लक्षात ठेवा : मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना हरकत पत्र आणायचं, कर्नाटकाचा कर भरायचा आणि येलहंका आरटीओचा केए-५० नंबर घ्यायचा. स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या किमतीत हा कर मिळवूनच हिशेब करा. मोटोक्रॉसच्या गाडीला आरसी नसते, म्हणून तिचं मूळ खरेदी बिल हाच मालकीचा पुरावा. तो नसेल तर गाडी कितीही भारी असली तरी घेऊ नका. आणि नेहमीचा मोटार विमा शर्यत किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान भरत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

अंगावर काय?

शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती. त्यांचं आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलं आणि १६६४ साली होदिगेरेच्या रानात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडूनच त्यांचा अंत झाला. अलीकडचं उदाहरण पुन्हा संतोषचंच : २०२१च्या डकारमध्ये पडून त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली आणि डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवलं. कसलेले स्वारही पडतात, मग आपण कोण? म्हणून एकूण बजेटचा निदान पाचवा हिस्सा संरक्षक साहित्यासाठी बाजूला काढा, आणि तो गाडीच्या आधी काढा.

सगळ्यांत आधी बूट. मातीत पाय टेकला जातो, तो गाडी आणि दगड यांच्यामध्ये सापडतो आणि घोटा मुरगळतो किंवा मोडतो. ट्रेकिंगचे बूट इथे पुरत नाहीत; नडगीपर्यंत येणारे, टणक, बकलांचे बूट लागतात. पहिले दोन दिवस त्यांत गिअर बदलता येत नाही, मग सवय होते. त्यानंतर हेल्मेट आणि गॉगल. मातीच्या हेल्मेटला पुढे छज्जा असतो आणि हनुवटीकडचा भाग पुढे आलेला असतो, म्हणजे धापा टाकताना हवा मिळते. रस्त्यावरही तेच घालणार असाल तर आयएसआयची खूण बघून घ्या. मग गुडघ्यांचे गार्ड, छाती-पाठीचं कवच, कोपरांचे गार्ड आणि हातमोजे. गाडीसाठी हातांपुढचे गार्ड आणि इंजिनाखालची जाड पत्रा-प्लेट एवढं पुरे. भारी सायलेन्सर आणि स्टिकर यांना वर्षभर हात लावू नका.

चालवायची कुठे?

येलहंक्याच्या आसपास मोकळी जमीन भरपूर दिसते, पण ती कोणाची तरी असतेच. आवलहळ्ळीचं रान सायकलवाल्यांचं आणि पळणाऱ्यांचं आवडतं ठिकाण आहे, पण ते वनखात्याचं रान आहे. तिथे मोटारसायकल घालणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं. येलहंक्याचं पुट्टेनहळ्ळी तळं पक्ष्यांसाठी राखीव आहे, त्याच्या काठाचा विचारही नको. नाचणीच्या शेतातून गाडी घालणाऱ्याला गावकऱ्यांनी अडवलं, तर तक्रारीला जागा नाही. उरतात ते सार्वजनिक कच्चे रस्ते. तिथे हळू, कमी आवाजात, शेळ्या-मेंढ्या दिसल्या की थांबून जायचं.

शिकायला मात्र बंदिस्त जागाच चांगली. संतोषने उभारलेलं बिग रॉक डर्टपार्क कोलार भागात आहे, साधारण दीड तासावर. अशा ठिकाणी शिकवण्याच्या गाड्याही मिळतात. एक-दोन दिवस तिथल्या गाडीवर शिका आणि मगच स्वतःची घ्या. दोन दिवसांनंतर आपल्याला किती ताकद लागते, किती उंची झेपते आणि मुळात हे आवडतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं खिशात असतात. पुढे शर्यतीत उतरावंसं वाटलं तर राष्ट्रीय स्पर्धांसाठी एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संस्थेचा परवाना लागतो. त्याला घाई नाही.

पहिला महिना

गाडी घरी आली. आता पहिले चार रविवार वेग विसरा. पहिल्या रविवारी फक्त क्लच : माणसाच्या चालीने, पाय न टेकता, सरळ रेषेत. दुसऱ्या रविवारी फूटरेस्टवर उभं राहून तेच; गुडघे सैल, कोपरं बाहेर, नजर चाकावर नाही तर पुढच्या वळणावर. तिसऱ्या रविवारी दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा. गाडी आत झुकेल तेव्हा शरीर बाहेरच्या फूटरेस्टवर भार देऊन सरळ ठेवायचं, रस्त्यावरच्या सवयीच्या अगदी उलट. चौथ्या रविवारी ब्रेक : आधी नुसता मागचा, मग पुढचा, एका बोटाने, हळूहळू वाढवत.

दर वेळी घरी आल्यावर अर्धा तास गाडीला द्या. इथली तांबडी धूळ फार बारीक असते, म्हणून एअर फिल्टर रोज तपासला तरी जास्त नाही. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, त्याचं तेल लावून बसवा. कागदी असेल तर वेळेआधीच बदला. धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर किंवा चेनवर जवळून मारू नका, ग्रीस वाहून जातं. चेन पुसून वंगण द्या. तारा वाजवून बघा. बोल्ट आवळा, मातीत ते सैल होतातच.

सहा महिन्यांनी एखाद्या रविवारी लक्षात येईल की आज गाडी एकदाही आडवी झाली नाही. मोठी गाडी घ्यावीशी वाटेल ती नेमकी तेव्हा. त्या दिवशी आणखी एक करा : गाडी मुद्दाम हळूच मातीत आडवी करा, आणि उभी करा. ती सहज उठली आणि मनात आलं की याहून तीस किलो जास्तही पेलेन, तर पुढच्या शोरूमला जायला हरकत नाही. धाप लागली तर अजून वर्षभर हेच तट्टू बरं.